जुनं स्टेशन जपायचंय? आधी या चुका टाळा

भायखळा स्टेशनला अनेक जण सरसकट '१८५३चं' म्हणतात. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला गेली हे खरं, पण तेव्हा भायखळ्याला लाकडी स्टेशन होतं. आजची दगडी इमारत पूर्ण झाली १८५७मध्ये. वांद्र्याचंही तेच. गाडी आली १८६०च्या दशकात, इमारत १८८८ची. मार्ग, स्टेशन आणि इमारत यांची सालं वेगळी लिहा. फलकावर एकदा चुकीचं साल कोरलं की तेच पुढे सगळे उतरवून घेतात.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र सिमेंट करतं, तेही दुरुस्तीच्या नावाखाली. आपल्या पावसात जुन्या भिंतीत पाणी मुरणारच. दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्याच्या असतील तर ऊन पडल्यावर ते तिथूनच सुकून जातं. सिमेंट ती वाट बंद करतं. मग पाणी दगडातून बाहेर पडायला बघतं, सोबतचे क्षार दगडातच साचतात आणि त्याचे पोपडे सुटतात. दगड झिजून आत गेलाय आणि दरज तेवढी पुढे आलीय असं दिसलं, तर बहुतेक वेळा दोष सिमेंटचाच. ते छिन्नीने, धीराने काढावं लागतं. ब्रेकर लावला तर दगडाच्या कडाच उडतात. नंतर चुना-वाळू भरून काही दिवस ओलं गोणपाट लावून ठेवायचं. चुना घाईने वाळला की तडकतो.

दगडाला ऑइलपेंट नको, साफ करायला वाळूचा फवारा तर अजिबात नको.

भिंतीतला पिंपळ नुसता वरून छाटू नका. मूळ आत जिवंत राहतं आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट जोमाने फुटतं.

हे काम हौशी मंडळींनी परस्पर करायचं नाही. जागा रेल्वेची असते आणि मुंबईत १९९५पासून वारसा नियमावली आहे. आपण करायचं ते आधीच्या अवस्थेचे फोटो, मापं, नोंदी. एका स्टेशनवर दुरुस्तीत तिकीट खिडकीची सागवानी चौकट भंगारात गेलेली मी पाहिली. तिचा एकही फोटो कुणाकडे नव्हता, त्यामुळे तशी दुसरी घडवताही आली नाही. फार हळहळ वाटली.

ओतीव लोखंडी खांब रंगवण्याआधी बुंध्याशी हात फिरवून बघा. रंगाच्या थरांखाली कारखान्याचं नाव आणि साल सापडू शकतं. ते साल खांबाचं. शेड त्यानंतरचीही असू शकते.