युथ मिशन ट्रिपला परदेशात निघताय? मग ही तयारीची यादी

मिशन ट्रिपला, म्हणजे चर्चच्या टीमसोबत परदेशात सेवेला, पहिल्यांदा निघणारा प्रत्येक जण मला एकच विचारतो, काय काय घेऊ? माझ्या तीन ट्रिप झाल्यात, शेवटच्या दोन टीम लीडर म्हणून, त्यामुळे आता सगळं एकदाच नीट लिहून ठेवतोय. पण बॅग भरायच्या आधी तिथला दिवस कसा असतो ते डोळ्यासमोर आणा, कारण घरी बसून आपण जो विचार करतो तो सगळा सभेचा, गाण्यांचा आणि साक्षीचा (देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते लोकांसमोर सांगण्याचा) असतो, आणि प्रत्यक्षात स्टेजवर आपण दिवसातला फार तर तासभर असतो. बाकी वेळ म्हणजे पहाटे उठून बाथरूमच्या रांगेत उभं राहणं, मग मनन, टीमची प्रार्थना, नाश्ता, भिंती घासणं आणि रंगवणं किंवा मुलांचं शिबिर, दुपारी न आलेल्या गाडीची वाट बघणं, संध्याकाळी घरभेटी नाहीतर सभा, आणि रात्री भांडी घासून झाल्यावर दिवसाचा आढावा. तयारी या सगळ्या तासांची करायची आहे.

कागदपत्रं सगळ्यात आधी आणि ती आजच काढून बघा. पासपोर्टची मुदत परत यायच्या तारखेनंतर निदान ६ महिने असावी, बरेच देश ते बघतात, आणि दोन तरी पानं कोरी हवीत. व्हिसा कुठल्या प्रकारचा लागतो ते तिथल्या मंडळीला (म्हणजे चर्चला) आणि त्या देशाच्या दूतावासाला विचारून ठरवा, टुरिस्ट व्हिसावर धार्मिक सभा घ्यायला किंवा सेवाकार्य करायला काही ठिकाणी मनाई असते आणि तिथे आपण पकडलो गेलो तर आपण विमानात बसून परत येतो पण त्रास तिथल्या पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) होतो, म्हणून याबाबतीत जुगाड नको, फॉर्मवर खोटं तर अजिबात नको. १८ वर्षांखालचं कोणी असेल तर आईवडील दोघांच्या सह्यांचं नोटरी केलेलं संमतीपत्र लागू शकतं. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना उपचारासाठी दुसरीकडे हलवायचा खर्च त्यात धरलाय का ते वाचा. सगळ्याच्या दोन झेरॉक्स, एक स्वतःकडे पण वेगळ्या बॅगेत आणि एक लीडरकडे, शिवाय मोबाईलमध्ये फोटो.

डॉक्टरांकडे निघायच्या ४ ते ६ आठवडे आधी जा, आदल्या आठवड्यापर्यंत थांबू नका. धनुर्वात, हिपॅटायटीस ए, टायफॉइड हे जुने डोस बघायचे. पिवळ्या तापाची लस काही देशांत सक्तीची आहे आणि तिचं सर्टिफिकेट लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतं (२०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, त्यामुळे जुनं असेल तर जपून ठेवा). मलेरियाच्या भागात जाणार असाल तर गोळ्या डॉक्टर सांगतील त्याच, आणि हे नीट लक्षात ठेवा की काही गोळ्या परत आल्यावर ७ दिवस आणि काही तब्बल ४ आठवडे घ्यायच्या असतात, घरी पोचलो की सगळेच विसरतात. रोजची औषधं असतील तर ती मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट, हँडबॅगेत. दमा, फिट्स, कसली अ‍ॅलर्जी असेल तर लीडरला आधीच सांगा, प्लीज, लाजू नका, रात्री दोन वाजता कळण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

पाण्याचं मी जरा जास्त बोलणार आहे कारण तिथेच टीम आजारी पडते. पिण्याचं पाणी सगळे सांभाळतात, पण सकाळी अर्धवट झोपेत ब्रश नळाखाली धरला जातो ना, तिथे घोळ होतो. दुसऱ्या ट्रिपला आमच्यातल्या एका मुलीने पहिल्याच रात्री स्वतःचा लाल रुमाल बेसिनच्या नळाला गाठ मारून बांधला, म्हणजे हात गेला की आधी रुमाल लागणार आणि आठवण होणार, आणि त्या दोन आठवड्यांत टीममधलं कोणीही पोट धरून झोपलं नाही. तेव्हापासून माझ्या यादीत एक जास्तीचा रुमाल कायम असतो. पाणी उकळायचं असेल तर खळखळ उकळी फुटल्यावर १ मिनिट, समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर असाल तर ३ मिनिटं. ओआरएसची पाकिटं माणशी सहा तरी घ्या, ती संपली तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

कपड्यांचं सोपं आहे, कमी घ्या. खांदे आणि गुडघे झाकणारे, लवकर वाळणारे, चार जोड पुरतात कारण संध्याकाळी आपले आपण धुवायचेच असतात. रंगकामासाठी एक जोड असा न्या जो तिथेच टाकून देता येईल. बूट नवे घेऊ नका, घेतलेच तर निघायच्या आधी तीन आठवडे रोज घालून चाला. टॉर्च कपाळावर बांधायचा घ्या, लाईट गेल्यावर दोन्ही हात मोकळे लागतात. प्लगचा अ‍ॅडाप्टर त्या देशाचा. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, हँडबॅगेतच, आणि १०० वॅट-अवरच्या आतला, म्हणजे साधारण २७००० एमएएचपर्यंत. डासांचं मलम आणि सनस्क्रीन दोन्ही लावायचं असेल तर आधी सनस्क्रीन आणि मग मलम. पवित्र शास्त्र (बायबल) छापील न्या, छोटं चालेल, मोबाईलची बॅटरी नेमकी मननाच्या वेळेला संपते.

आता साक्ष. ३ मिनिटांची लिहून काढा, दुभाष्यामुळे तिला ६ लागतात. मी पहिल्यांदा माझी साक्ष दुभाष्या काकांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी शिसपेन्सिल काढली आणि शांतपणे शब्दांभोवती गोल करत गेले, 'ओझं', 'स्पर्श झाला', 'नवा जन्म', 'रक्ताने धुतलं', एका पानावर अकरा गोल, आणि मग प्रत्येकावर बोट ठेवून विचारलं, याचा अर्थ काय, म्हणजे नक्की झालं काय तुझ्या आयुष्यात? त्या अकरा उत्तरांतूनच माझी खरी साक्ष तयार झाली. तेव्हा घरीच हे करा, चर्चला कधीच न गेलेल्या मित्राला वाचून दाखवा, तो जिथे अडेल ते शब्द बदला. वाक्य छोटं, एक झालं की थांबायचं, आणि बघायचं लोकांकडे, दुभाष्याकडे नाही. त्यांच्या भाषेतली वीस वाक्यं पण पाठ करा, नमस्कार, आभारी आहे, माफ करा, मी मदत करू का, बस्स झालं पोट भरलं.

मुलांसोबत काम असेल तर नियम कडक आहेत आणि मला ते कडकच हवेत. एकट्याने एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत कधीच नाही, नेहमी दोन मोठी माणसं. फोटो आईवडिलांना आणि तिथल्या मंडळीला विचारूनच, त्यात नाव आणि गावाचं लोकेशन टाकायचं नाही, आणि मूल रडतंय, आजारी आहे असा फोटो तर काढायचाच नाही. वैयक्तिक गिफ्ट वाटू नका, द्यायचं असेल ते पाळकांच्या हातात द्या. आपण दोन आठवड्यांनी निघून येतो, त्या मुलांना रोज भेटणारी माणसं तिथलीच असतात.

मनाची तयारी म्हणून निघायच्या महिनाभर आधी टीमने एकत्र बसून बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा १० वा अध्याय वाचावा असं मला वाटतं. तिथे येशू शिष्यांना दोघादोघांना पाठवतो, पिशवी नको म्हणतो, आणि ज्या घरात राहाल तिथे पुढे वाढतील ते खा, घरं बदलत फिरू नका असं सांगतो, म्हणजे पाहुणा म्हणून कसं राहायचं ते सगळं आलं. पाचव्या सहाव्या दिवशी घरची आठवण येते, चिडचिड होते, बहुतेक सगळ्यांना होते. बायबलमधला योहान मार्कही सेवेच्या प्रवासात पंफुल्या प्रांतात प्रेषित पौलाला सोडून परत गेला होता, आणि त्याच पौलाने नंतर आपल्या सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलं की मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. म्हणून रडू आलं तर जोडीदाराला सांगा, लपवू नका, आणि घरी फोन रोज नको, दोन दिवसांआड पुरे.

शेवटचं, एक वही आणि दोन पेनं. रोजचं दोन ओळी लिहा, आणि मागची पानं नावांसाठी कोरी ठेवा, ज्यांच्यासाठी परत आल्यावर प्रार्थना करणार त्यांची नावं. ती आपण ऐकून लिहिली की चुकतातच, म्हणून वही त्यांच्याच हातात द्या, ते त्यांच्या अक्षरात लिहितील, आणि उच्चार तुम्ही खाली देवनागरीत लिहून घ्या, त्यांच्यासमोर दोनदा म्हणून.