क्रँक मोडते ती कोपऱ्यातून: जुन्या छोट्या इंजिनाची क्रँकशाफ्ट घेताना या चुका टाळा

कसारा घाट चढून इगतपुरी गाठलं आणि इंजिनातून ठक-ठक ऐकू यायला लागली. गाडी प्रीमियर पद्मिनी, क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरण्यात बदलणारा इंजिनाचा मुख्य दांडा) नुकतीच ग्राइंड करून आणलेली, नव्या शेलवर (बेअरिंगच्या पातळ अर्धगोल पट्ट्यांवर) आठशे किलोमीटरही झाले नव्हते. टोचन करून गाडी नाशिकला आणली. चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवून क्रँक बाहेर काढली, तेव्हा दुसऱ्या सिलिंडरच्या पिनच्या (कनेक्टिंग रॉड बसतो त्या गोल भागाच्या) कोपऱ्यात केसाएवढी चीर निघाली. सगळ्यांनी एकच निदान केलं, ‘लोखंड कच्चं होतं.’ ते खरं नव्हतं. ग्राइंड करणाऱ्याने पिनच्या कडेची गोलाई चाकाने खाऊन टाकली होती आणि काटकोनी कोपरा ठेवला होता. लोखंड मूळचं, चांगलं होतं.

तेव्हापासून जुन्या गाडीसाठी मजबूत क्रँक कुठली घ्यावी, असं कोणी विचारलं की मी आधी कोपऱ्याबद्दल बोलतो, धातूबद्दल नंतर.

पिन जिथे वेबला, म्हणजे तिला धरणाऱ्या जाड पट्टीला, मिळते तिथे एक बारीक गोलाई असते, तिला फिलेट म्हणतात. प्रत्येक स्फोटाला क्रँक किंचित वाकते आणि परत सरळ होते. हा सगळा ताण त्या कोपऱ्यात साठतो. गोलाई असेल तर तो पसरतो, धारदार कोपरा असेल तर तिथूनच चीर सुरू होते आणि रोज थोडी पुढे सरकते. तुटलेली क्रँक हातात आली तर तुटलेला भाग नीट बघा. एका बाजूला शिंपल्यावर असतात तशा गुळगुळीत वर्तुळाकार रेघा आणि उरलेला भाग खरबरीत दिसला, तर ती एका दिवसात मोडलेली नाही. अशा वेळी धातूला दोष देण्याआधी कोपरा, तेलाच्या भोकाची कड आणि मेन बेअरिंगच्या (क्रँक ज्यांत फिरते त्या बेअरिंगच्या) कॅपची सरळ रेष तपासा. कॅप एका रेषेत नसतील तर नवी क्रँकही त्याच जागी मोडेल.

जुनी क्रँक चमक बघून घेणं

भंगारातून किंवा दुसऱ्या इंजिनातून काढलेली मूळची फोर्ज्ड (तापवून, ठोकून घडवलेली) क्रँक बहुतेक वेळा अनोळखी नव्या क्रँकपेक्षा चांगली, असं माझं मत आहे. पण ती पॉलिश करून ठेवलेली असते आणि आपण भुलतो. दोरीला टांगून हलक्या हातोडीने वाजवा. घंटेसारखी खणखणली तर बरं, बद्द आवाज आला तर सोडून द्या. खणखणली म्हणून लगेच पैसे मोजू नका, कारण बारीक चीर आवाजात पकडता येत नाही. मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट (चुंबकाने बारीक चिरा दाखवणारी तपासणी) करूनच घ्या. नाशिकच्या एमआयडीसीत, सातपूर आणि अंबडमध्ये, मशीनिंगच्या कामाला तोटा नाही. चौकशी केली तर ही तपासणी करणारा कुणीतरी सापडतो.

नंतर व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून मधल्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागावर) वाक मोजणारा डायल लावा. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाला मेन बेअरिंग तीनच आहेत, त्यामुळे मधल्या जर्नलवर बराच भार येतो. क्रँक वाकलेली असेल तर पहिलं ते बेअरिंग जातं.

आणि ग्राइंडिंगला टाकताना फिलेटचं माप चिठ्ठीवर लिहून द्या. नुसतं ‘दहा अंडरसाइज करा’ (व्यास दहा हजारांश इंच कमी करा) सांगून निघू नका. मी तेच केलं होतं.

कडकपणाचा थर घासून टाकणं

ही चूक फार जण करतात, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. ब्रिटनच्या जुन्या मिनी गाडीच्या कूपर एस मॉडेलची क्रँक तिच्या नायट्राइडिंगसाठी (नायट्रोजन मुरवून पृष्ठभाग कडक करण्यासाठी) प्रसिद्ध होती. तिचं पोलाद होतं ईएन ४० बी, आणि नायट्राइडिंगचा कडक थर साधारण ०.३ ते ०.५ मिमी खोल जातो. टफट्राइड या त्याच जातीच्या दुसऱ्या उपचाराचा वरचा कडक पापुद्रा मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, फार तर दुप्पट असतो. आता हिशेब करा. दहा अंडरसाइज म्हणजे व्यासात ०.२५ मिमी, म्हणजे प्रत्येक बाजूने जेमतेम ०.१३ मिमी. नायट्राइड केलेली क्रँक यातून वाचू शकते. टफट्राइडचा पापुद्रा पूर्ण निघून जातो आणि तुम्ही मऊ जर्नलवर कडक शेल बसवता. ग्राइंडिंगनंतर उपचार पुन्हा करून घ्यावा लागतो, आणि त्या उष्णतेत क्रँक किंचित वाकू शकते, म्हणून व्ही-ब्लॉकवर पुन्हा एकदा.

सीसी वाढवायला स्ट्रोक वाढवणं

क्रँक समोरून बघा. मेन जर्नल आणि पिन एकमेकांवर थोडे चढलेले दिसतात. त्या ओव्हरलॅपमध्येच क्रँकची ताकद असते. त्याच मिनीचं उदाहरण घ्या. ८४८ सीसी इंजिनाचा स्ट्रोक (पिस्टन वरून खाली जातो ते अंतर) ६८.२६ मिमी, तर ९९८ सीसीचा ७६.२ मिमी. दोन्हींत मेन पावणेदोन इंची आणि पिन १.६२५ इंची. हिशेब मांडला तर ओव्हरलॅप ८.७ मिमीवरून ४.८ मिमीवर उतरतो. मोठं इंजिन, पण क्रँक नाजूक! नंतरच्या साध्या (कूपर एस नसलेल्या) १२७५ सीसी इंजिनात स्ट्रोक ८१.२८ मिमी झाला, तेव्हा मेन दोन इंची केले आणि पिनही पावणेदोन इंची केली, म्हणून ओव्हरलॅप पुन्हा सातच्या आसपास आला. आपल्याकडे पिन एका बाजूने जास्त घासून स्ट्रोक वाढवून देणारे भेटतात. तो सल्ला मानू नका. पिन बारीक होते आणि ओव्हरलॅप घटतो, दोन्हीकडून नुकसान.

इंजिन किती फिरवणार, हेही आधी ठरवा. पिस्टनचा झटका आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ६००० ऐवजी ७००० फिरवलं तर क्रँकवरचा हा भार ३६ टक्क्यांनी वाढतो. त्र्यंबकला घरच्यांना घेऊन जाणाऱ्या गाडीला एवढ्याची गरजच नाही. मूळची फोर्ज्ड क्रँक, योग्य फिलेट आणि फ्लायव्हील-क्लचसकट केलेलं बॅलन्सिंग इतकं पुरतं.

‘बारमधून काढून देतो’

हा मोह खास आपल्या गावचा. अंबडमध्ये ईएन २४ पोलादाचा बार आहे, सीएनसी आहे, हात चांगला असलेली माणसं आहेत. मग क्रँक का नाही? कारण फोर्जिंगमध्ये धातूचे धागे वेबच्या वळणाबरोबर वळतात, तर बार कापताना ते आडवे तुटतात. चांगलं पोलाद ही उणीव भरून काढू शकतं, पण त्यासाठी हीट ट्रीटमेंट, नंतरचं ग्राइंडिंग, तेलाच्या तिरक्या भोकांचं ड्रिलिंग आणि भोकांच्या कडा गोल करणं, सगळं अचूक लागतं. एकाच नगासाठी ही मेहनत कोण घेणार, हे समोरच्याला स्पष्ट विचारा. ड्रॉइंग न मागता जो हो म्हणतो, त्याला काम देऊ नका.

बसवताना

तेलाच्या वाटांतले प्लग काढून आत साफ करा. ग्राइंडिंगची भुकटी तिथेच अडकते आणि पहिल्याच दिवशी शेल ओरबाडते. क्लिअरन्स मोजताना सोपा आडाखा म्हणजे जर्नलच्या दर इंचाला एक हजारांश इंच. शेलचं पाकीट कितीही चांगलं असो, प्लास्टिगेज (दाबून फट मोजायचा मऊ प्लास्टिकचा दोरा) लावून मोजा. थ्रस्ट वॉशरची (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकतीची) खोबणीची बाजू क्रँककडे आली पाहिजे. उलटी बसवली तर क्लच दाबताच क्रँक वॉशर खायला लागते.

घाटात टॉपवर गाडी कोंडून चढवू नका, गिअर खाली घ्या. पहिलं ऑइल पाचशे किलोमीटरला बदला आणि ते पांढऱ्या कापडातून गाळा. करडी बारीक पूड थोडीशी दिसेल, ती चालेल. तांब्याच्या रंगाचे कण दिसले, तर त्याच दिवशी चेंबर उतरवा.