बॉक्सवूडचा हिवाळा: गारठ्याइतकीच तहानेची काळजी

हिवाळा सरत आला की बॉक्सवूडचे कुंपण एका बाजूने तांबूस, वाळक्या गवताच्या रंगाचे दिसू लागते आणि पाहणारा म्हणतो, ‘गारठ्याने गेले.’ बहुतेक वेळा ते पाण्यावाचून वाळलेले असते. बॉक्सवूड हे कुंपणासाठी लावले जाणारे, लहान पानांचे सदाहरित झुडूप आहे. पानझडी झाड पाने टाकून मोकळे होते. याच्या पानांतून मात्र भर थंडीतही बाष्प जातच राहते. लख्ख ऊन आणि कोरडा वारा असेल तर जास्तच. त्याच वेळी जमीन गोठलेली असली तर मुळांना पाणी उचलता येत नाही. बॉक्सवूडची मुळे उथळ असतात. पाणी शोषणारी पांढरी मुळी मुख्यतः वरच्या २०-३० सेंटिमीटरमध्येच असते आणि आधी गोठतो तो थरही हाच. खर्च चालू आणि जमा बंद, असा हा हिशेब आहे.

म्हणून हिवाळ्याची बहुतेक कामे हिवाळ्याआधीच उरकावी लागतात. जमीन गोठल्यावर हातात फार थोडे उरते.

पाणी कधी तोडायचे

फळबागेला ताण देण्याची, म्हणजे काही काळ पाणी तोडण्याची, सवय असलेल्यांनी इथे ती बाजूला ठेवावी. बॉक्सवूडला हिवाळ्यापूर्वी ताण देऊ नये. थंडी पडू लागली की पाणी कमी करा, असे सर्रास सांगितले जाते. वाढ मंदावल्याने गरज घटते हे खरे, पण जमीन गोठेपर्यंत मुळांचा थर ओलसर राहिलाच पाहिजे. रोज थोडे शिंपडून उपयोग नाही. आठ-दहा दिवसांत चांगला पाऊस झाला नसेल, तर एकदाच पण वीत-दीड वीत खोल ओल जाईल इतके सावकाश पाणी द्यावे. खुरप्याने तेवढी माती उकरून मुठीत दाबून पाहावी. गोळा होतो, पण बोटांतून पाणी सुटत नाही, म्हणजे वाफसा आहे. त्या दिवशी पाणी नको.

लागवडीला एक-दोनच हिवाळे झालेली रोपे आणि भिंतीलगत किंवा पागोळीच्या आत लावलेली रोपे, या दोहोंवर वेगळी नजर ठेवावी. पहिल्यांची मुळे अजून आजूबाजूच्या मातीत पसरलेली नसतात. दुसऱ्यांच्या मुळाशी पाऊस पोहोचतच नाही. शेजारी चिखल असला तरी भिंतीच्या बुडाशी माती कोरडी ठक्क सापडते. मध्येच थंडी ओसरून जमीन सुटली, हवा ४-५ अंश सेल्सिअसच्या वर गेली आणि माती कोरडी लागली, तर दिवस वर आल्यावर पाणी द्यावे, म्हणजे रात्रीच्या आत ते मुरते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. बॉक्सवूडला पाय ओले ठेवून उभे राहणे मानवत नाही. भारी, चिकण जमिनीत पाणी साचले की फायटोफ्थोरा बुरशीने मुळे कुजतात आणि वरून पाहता पाने तहानेने पिवळी पडल्यासारखीच दिसतात. अशा ठिकाणी आधी चर काढून निचरा करावा. पाणी वाढवत नेल्यास झाड लवकर जाते.

आच्छादन

सालीचे तुकडे, लाकडाचा जुना चुरा किंवा कुजवलेला पाला यांचा ५ ते ७ सेंटिमीटर थर पुरे. जास्त घातले म्हणजे जास्त ऊब, असे होत नाही. थर जाड झाला की मुळी वर चढून आच्छादनातच वाढते आणि तिथे ती आधी वाळते, मग गोठते. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी, नाहीतर साल सतत ओली राहून कुजते. जमीन थंड झाल्यावर, पण गोठण्याआधी हे काम करावे. आधी झाडाखालचा जुना पाला झाडून काढावा. त्याचे कारण पुढे ‘रंग वाचायला शिका’ या भागात, करपा या बुरशीजन्य रोगाच्या माहितीत आहे.

छाटणी, खत आणि एक अपवाद

दव गोठायला लागण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी कात्री खाली ठेवावी. उशिरा छाटले की झाड कोवळी फूट काढते, ती पक्व व्हायला वेळ मिळत नाही आणि पहिल्याच कडाक्यात शेंडे पांढरे पडून जळतात. उशिरा दिलेले नत्रही हेच करते. कुंपणाची धार थोडी विस्कटलेली दिसली तर दिसू द्यावी.

अपवाद आहे तो विरळणीचा. वर्षानुवर्षे फक्त वरून छाटलेल्या कुंपणावर पानांचे दाट कवच तयार होते. आत ऊन नाही, वारा नाही, पानेही नाहीत. पावसानंतर ओल मात्र दिवसभर टिकते. बुरशीला याहून चांगली जागा मिळणार नाही. झाड सुप्तावस्थेत गेल्यावर, पण गोठलेले नसताना, हात आत घालून १५-२० सेंटिमीटरच्या डहाळ्या इथून-तिथून मोडून किंवा लहान कात्रीने कापून काढाव्यात. वरून पाहिल्यावर आतल्या फांद्यांवर उजेडाचे कवडसे पडलेले दिसले की थांबावे. हवा शून्याच्या खाली असेल त्या दिवशी हे करू नये. लाकूड ठिसूळ झालेले असते आणि डहाळी ओढताना मोठी फांदी हातात येते.

काढलेल्या डहाळ्या गोठ्याच्या आसपासही टाकू नयेत. बॉक्सवूडच्या पानांत आणि सालीत विषारी अल्कलॉइडे असतात. हिवाळ्यात हिरवा चारा कमी असताना गुरे, शेळ्या, घोडे समोर आलेले हिरवे खाऊन पाहतात.

वारा आणि ऊन

वाऱ्याच्या बाजूला आणि दुपारचे ऊन येते त्या बाजूला खुंट ठोकून गोणपाटाचा आडोसा करावा. उंची झाडापेक्षा थोडी जास्त असावी, कापड पानांना टेकू नये, वरून उघडे असावे. गोणपाट थेट झाडाला गुंडाळले तर ते भिजून, गोठून पानांना चिकटते. प्लास्टिक तर अजिबात नको. उन्हात आतली हवा तापते आणि सूर्य मावळताच तापमान झपाट्याने उतरते. अशा चढउतारात नुसत्या थंडीपेक्षा अधिक नुकसान होते. उन्हाच्या बाजूची पाने आधी जळतात, तीही काहीशी याच कारणाने.

पानांवर पातळ मेणचट थर देणाऱ्या फवारण्या मिळतात. त्यांपैकी काही पाइनच्या राळेपासून बनवलेल्या असतात. त्यांचे परिणाम सगळीकडे सारखे येत नाहीत. उघड्या माळावरच्या किंवा नव्या लागवडीला करायचीच असेल, तर झाड पुरते सुप्त झाल्यावर, हवा ५ अंशांच्या वर असताना, कोरड्या पानांवर आणि पानांच्या खालूनही करावी. थर हळूहळू निघून जातो, म्हणून मध्य हिवाळ्यात तशाच एखाद्या उबदार दिवशी पुन्हा करावी लागते. माती कोरडी ठेवून केलेली फवारणी म्हणजे पैसे वाया. माझ्या मते गोणपाट आणि पाणी यांना पहिला मान द्यावा.

बर्फ आणि मीठ

उभट वाढीची झाडे बर्फाच्या वजनाने मधोमध फाकतात. हिवाळ्याआधी सुतळीचे सैलसर वेटोळे खालून वर घेत जावे. फांद्या एकमेकींना धरून राहिल्या म्हणजे झाले, आवळायचे नाही. भुसभुशीत बर्फ झाडूने खालून वर उचलत झाडावा. वरून आपटले तर आधीच वाकलेली फांदी मोडते. पानांवर काचेसारखा बर्फ गोठला असेल तर हात लावू नये, तो आपोआप वितळू द्यावा. छपरावरून बर्फ घसरतो त्या ओळीत बॉक्सवूड लावूच नये, आणि आधीच लावले असेल तर वर फळ्यांचे उतरते छप्पर उभारावे.

रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते पाण्याबरोबर मुळाशी येते आणि गाड्यांच्या चाकांमुळे पानांवरही उडते. कुंपणालगतच्या वाटेवर मिठाऐवजी वाळू वापरावी आणि फावड्याने ओढलेला खारट बर्फ झाडाच्या बुडाशी रचू नये. मीठ गेलेच असेल, तर जमीन सुटल्यावर भरपूर गोडे पाणी देऊन ते खाली धुऊन काढावे.

कुंडीतली रोपे

रोपवाटिकेत सर्वाधिक नुकसान इथेच होते. ज्या जातीचे शेंडे उणे २० अंशही सोसतात, तिची मुळे तेवढी काटक नसतात. जमिनीतल्या मुळांना मातीची ऊब असते. कुंडीत थंडी चारही बाजूंनी शिरते. कुंड्या वाऱ्याआड, जमिनीवर एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात, बाहेरच्या रांगेभोवती पेंढा किंवा पाला दाबून भरावा. कुंडीसकट जमिनीत पुरता आली तर त्याहून चांगले. गरम खोलीत नेऊ नये. तिथे झाड अवेळी फुटते. कुंडी लवकर वाळते, तेव्हा गोठलेली नसेल त्या प्रत्येक आठवड्यात बोट घालून पाहावे.

रंग वाचायला शिका

हिवाळ्यात पानांचा रंग बदलला की लगेच औषध शोधू नये. सगळ्या झाडावर सारखी तांबूस-पितळी झाक आली असेल, पाने लवचीक असतील आणि फांदी हिरवी असेल, तर ते बहुधा थंडीतले रंगद्रव्य आहे. काही जातींत ते खूप दिसते आणि वसंतात पुन्हा हिरवे होते.

वारा-उन्हाच्या एकाच बाजूला, शेंड्यांकडून आत अशी पाने गवती रंगाची, कडक होऊन फांदीवरच टिकली असतील, तर ती तहान. अशा दुबळ्या फांद्यांवर नंतर व्हॉल्यूटेला बुरशी बसते. दमट हवेत पानाच्या खालच्या बाजूला फिकट गुलाबी बीजाणूंचे पुंजके दिसतात.

पाने फांदीवर टिकली नाहीत, खालून वर भराभर गळाली आणि कोवळ्या हिरव्या डहाळ्यांवर काळ्या उभ्या रेघा असतील, तर बॉक्सवूडचा करपा समजून चालावे. कॅलोनेक्ट्रिया स्यूडोनॅव्हिक्युलाटा या बुरशीचा हा रोग १९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये लक्षात आला आणि २०११ मध्ये अमेरिकेत सापडला. तो पसरतो उबदार, ओल्या हवेत, हिवाळ्यात नाही. पण बुरशी गळलेल्या पाल्यात वर्षानुवर्षे तग धरते. म्हणूनच आच्छादनाआधी जुना पाला गोळा करायचा. तो कंपोस्टमध्ये टाकू नये. स्थानिक नियमांप्रमाणे जाळावा किंवा खोल पुरावा. ओल्या झाडांत काम करू नये. एका कुंपणातून दुसऱ्यात जाताना कात्री निर्जंतुक करावी आणि बुटांना लागलेली माती धुवावी.

पानावर फोड आले असतील तर पान उजेडासमोर धरावे. आत पिवळसर-केशरी अळी दिसली तर ती नागअळी. ती हिवाळा पानातच काढते. प्रौढ माशी वसंतात बाहेर पडते, म्हणून त्याआधी प्रादुर्भावाचे शेंडे छाटून नष्ट केले की पुढची पिढी बरीच कमी होते. दोन-तीन पाने रेशमी धाग्याने शिवल्यासारखी चिकटलेली आढळली तर अधिक सावध व्हावे. बॉक्स ट्री मॉथ या पतंगाच्या लहान अळ्या अशा घरट्यात हिवाळा झोपून काढतात. मूळ पूर्व आशियातला हा पतंग २००७ मध्ये युरोपात आढळला, २०१८ मध्ये कॅनडात. वसंतात जाग आल्यावर या अळ्या झाड उघडे पाडतात आणि पाने संपली की सालही कुरतडतात. अशी पाने वेचून नष्ट करावीत, आणि ही कीड आपल्या भागात नवी असेल तर कृषी विभागाला कळवावे.

जात निवडताना

नवी लागवड कडक थंडीच्या जागी करायची असेल तर सर्वसाधारण बॉक्सवूडपेक्षा कोरियन बॉक्सवूड किंवा त्याचे संकर घ्यावेत. कॅनडातल्या ओंटारियोत तयार झालेल्या ‘ग्रीन व्हेल्व्हेट’, ‘ग्रीन जेम’, ‘ग्रीन माउंटन’ या जाती अशाच आहेत. ‘वरदार व्हॅली’ ही सर्वसाधारण बॉक्सवूडमधलीच, पण काटक. १९३४ मध्ये बाल्कनमधल्या वरदार नदीच्या खोऱ्यातून ती गोळा केली गेली. वाफ्याच्या काठाला लावतात ती ठेंगणी ‘सफ्रुटिकोसा’ दिसायला देखणी, पण दाट वाढीमुळे करप्याला लवकर बळी पडते.

वसंतात घाई नको

तपकिरी फांदी दिसली की कात्री चालवायचा मोह होतो. आधी नखाने साल जराशी खरवडावी. खाली हिरवे असेल तर फांदी जिवंत आहे, नवी पालवी येईपर्यंत थांबावे. पालवी कुठवर आली हे स्पष्ट झाल्यावर जिवंत लाकडापर्यंत छाटावे. खत द्यायचे तर वाढ सुरू होण्याच्या सुमाराला आणि तेही हलके. मुळे उथळ असल्यामुळे खुरपणी वरवरचीच करावी.

एक नुकसान मात्र वसंतातही लपून राहते. अचानक आलेल्या कडाक्याने बुडाजवळची साल उभी तडकते. अशी फांदी पालवते, चांगली दिसते आणि पहिल्या उकाड्यात एकाएकी माना टाकते. तेव्हा पाणी वाढवण्याआधी बुडाशी वाकून साल पाहावी. तडकून सुटलेली असेल तर ती फांदी खालपासून काढून टाकावी.