पावसात रत्नागिरीत उतरलात, तर पहिल्या रात्री काय जेवाल?

पावसाळ्यात कोकण रेल्वे वेगळ्या वेळापत्रकाने आणि कमी वेगाने धावते, त्यामुळे रात्री पोचायला उशीर होणार हे धरूनच चला. त्यात रत्नागिरीचं स्टेशन शहराबाहेर, कुवारबावजवळ. धो धो पावसात रिक्षा मिळून गावात शिरेपर्यंत बराच वेळ जातो आणि गिऱ्हाईक नसलं की खानावळी लवकर आवरतात. म्हणून जेवणाचं गाडीतूनच ठरवा. संध्याकाळी सहाच्या आत फोन करून "दोन पानं ठेवा" एवढं सांगितलं तरी पुरतं. घरगुती खानावळीत भात-भाकरी माणसं मोजून करतात, न सांगता गेलात तर उरलंसुरलं मिळतं. खिशात रोख पैसे असू द्या. वीज गेली की पाठोपाठ मोबाईलची रेंजही जाते.

आता मुख्य गोष्ट. कोकणात आलो म्हणजे पापलेट नाहीतर सुरमई, हे डोक्यातून काढून टाका, निदान जून-जुलैत तरी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते: हा माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. मिरकरवाड्याच्या बंदरात होड्या बांधलेल्या असतात. त्या दिवसांत ताटात आलेली सुरमई बहुतेक बर्फातली. ती खराबच असेल असं नाही, पण तळल्यावर तिची तुकडी आतून कोरडी, चोथ्यासारखी लागते आणि भाव मात्र ताज्याचा लागतो. त्यापेक्षा "खाडीचं काय आलंय?" असं विचारा. खाडीतल्या कुर्ल्या, कालवं, तिसऱ्या किंवा एखादा खाडीचा मासा असेल तर तो घ्या. भाव आधी विचारा, कारण नगावर आणि आकारावर तो बदलतो. तिसऱ्यांच्या बाबतीत दोन गोष्टी बघा. शिजूनही जी शिंपली मिटलेलीच राहिली ती बाजूला काढा, उघडायच्या भानगडीत पडू नका. आणि पहिल्याच घासाला दाताखाली रेती कचकचली तर पुढच्याही तशाच निघणार. मिठाच्या पाण्यात ठेवून त्यांना रेती सोडू दिलेली नसते.

खाडीचंही काही नसेल तर सुकं मागा, आणि ते नाइलाजाने मागू नका. पावसाआधी, आगोटीला, घरोघरी सुकट, सुके बोंबील, सोडे भरून ठेवतात ते याच रात्रींसाठी. कोरडी भाजलेली सुकट, त्यात कांदा, ओलं खोबरं, मिरची आणि आमसूल. सोबत तांदळाची गरम भाकरी. सुकट नीट भाजली असेल तर ती बोटांत चुरडते आणि वास खमंग येतो. कुबट वास आला, चावताना वातड लागली, तर तिला दमट हवा लागलेली आहे. ती परत करा. खारा बांगडा मागवलात तर एकच सांगा आणि तो भाताशी तोंडी लावायला घ्या. नुसता खाल्लात तर रात्रभर पाणी पीत बसाल.

भाकरी बसल्या बसल्याच सांगून ठेवा. ती थापून भाजायला वेळ लागतो आणि गार झाली की कडक होते.

मासे न खाणाऱ्यांसाठी हा हंगाम खरं तर जास्त चांगला. टाकळा, फोडशी, भारंगी या रानभाज्या पाऊस सुरू झाल्यावरच मिळतात. अळूचं फदफदं, डाळिंब्यांची उसळ, काळ्या वाटाण्याची आमटी हे कोणत्याही फलकावर लिहिलेलं नसतं, विचारलं तर मिळतं. श्रावणात बऱ्याच खानावळी शाकाहारीच असतात. उकडीचे मोदक हवे असतील तर मात्र सकाळीच सांगायला हवं.

सोलकढी शेवटी घ्या, भातावर किंवा वाटीने. खऱ्या आमसुलाच्या कढीचा रंग फिका गुलाबी, किंचित जांभळट असतो. भडक गुलाबी दिसली की रंगाचा संशय घ्या. नारळाचं दूध लवकर आंबतं, म्हणून दुपारची कढी रात्री नको. माशाच्या कालवणात काळपट, फुटलेली फळं दिसली तर ती तिरफळं. त्यांचा स्वाद रशात उतरलेला असतो. ती चावली तर जिभेला मुंग्या येतात, म्हणून ताटाच्या कडेला ठेवा.

आणि सगळंच बंद झालेलं असेल, पण उतरलात तिथल्या काकू चूल पेटवायला तयार असतील, तर कुळथाची पिठी करायला सांगा. वीस मिनिटांत होते. दोघांना चार मोठे चमचे कुळथाचं पीठ आणि तीन वाट्या पाणी लागतं. पीठ आधी वाटीभर गार पाण्यात कालवून घ्यायचं. थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात आणि मग कितीही घोटलं तरी मोडत नाहीत. तेलात मोहरी, हिंग, ठेचलेल्या पाच-सहा लसूणपाकळ्या, दोन मिरच्या. लसूण तांबूस झाली की उरलेलं पाणी ओतायचं, मीठ आणि दोन-तीन आमसुलं टाकायची, मग कालवलेलं पीठ. उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं, नाहीतर पीठ बुडाला धरतं. पुढे मंद आचेवर सहा-सात मिनिटं. पिठाचा कच्चा वास गेला की झाली. पळीवरून ती धारेने पडली पाहिजे, गोळ्यासारखी नव्हे. गार होताना ती आळते, म्हणून उतरवताना थोडी पातळच ठेवायची. मऊ भात, वर पिठी, त्यावर चमचाभर तूप, आणि बाजूला भाजलेला पोह्याचा पापड.