सफरचंदाचा स्कॅफोल्ड करायचाय? मग धुण्यात कंजूषी नको

आपल्या पेशींना वाढायला धरून बसण्यासारखी जाळी, म्हणजेच स्कॅफोल्ड, लागते आणि तसली आयती जाळी सफरचंदात असते, सेल्युलोजची. कॅनडात ओटावा युनिव्हर्सिटीत अँड्र्यू पेलिंगच्या लॅबने २०१४ मध्ये त्यात उंदराच्या आणि माणसाच्या पेशी वाढवून दाखवल्या, मग २०१६ मध्ये तीच जाळी उंदरांच्या कातडीखाली बसवली तर ८ आठवड्यांत आत रक्तवाहिन्यापण शिरल्या. सेल कल्चरची (शरीराबाहेर पेशी वाढवायची) सोय असलेल्या कॉलेजच्या लॅबमध्ये हे आरामात जमतं.

सालीखालचा गर घ्या, बियांकडचा भाग नको. स्लायसरवर साधारण १ मिमीचे काप पाडा, सुरीने जाडबारीक होतात. मग ०.१ टक्का एसडीएसमध्ये (टूथपेस्टला फेस आणतं ना, तेच डिटर्जंट) टाकून शेकरवर ४८ तास. सफरचंदाच्या स्वतःच्या पेशी विरघळून निघून जातात आणि काप हळूहळू काचेसारखा होतो, खाली पेपर ठेवला तर अक्षरं वाचता येतात.

आता खरं काम, धुणं. मी पहिल्यांदा तीनदा खळखळून घेतलं, फेस दिसेना म्हणून झालं असं समजले, वर पेशी टाकल्या, आणि दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली सगळ्या पेशी गोल होऊन वर तरंगत होत्या, कारण डिटर्जंट जाळीत दडून बसतं हो, डोळ्याला दिसत नाही. म्हणून भरपूर पाणी बदलून झाल्यावर १०० मिलीमोलर कॅल्शियम क्लोराईडमध्ये रात्रभर ठेवा, उरलंसुरलं एसडीएस त्याने सुटतं. हे डिस्टिल्ड वॉटरमध्येच करा, पीबीएसमध्ये (पेशींसाठी वापरतात ते फॉस्फेटवालं खारं पाणी) केलंत तर फॉस्फेटशी जुळून पांढरा गाळ बसतो आणि मग तोच धूत बसा. परत धुवा.

७० टक्के इथेनॉलने स्टराईल करायचं, पीबीएसने इथेनॉल काढायचं, आणि रात्रभर मीडियात (पेशींना वाढवणाऱ्या पोषक द्रवात) भिजवायचं. एखादा काप बाजूला काढून डीएपीआय (डीएनएला चिकटून निळा चमकणारा रंग) लावून फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली बघा, निळे ठिपके दिसले तर सफरचंदाचे न्यूक्लियस अजून आत आहेत, म्हणजे एसडीएस कमी पडलं.

पेशी टाकताना सगळा मीडिया एकदम ओतू नका, वाहून जातात. कापावर ४० मायक्रोलिटरचा थेंब ठेवा, पाचसहा तास इन्क्युबेटरमध्ये चिकटू द्या, मग मीडिया.

आणि हो, सेल्युलोज पचवणारं एन्झाईम आपल्या शरीरात नाही, त्यामुळे ही जाळी आत तशीच राहते. विरघळून जाणारीच हवी असेल तर जिलेटिन किंवा कोलॅजेनकडे वळा, सफरचंद खाऊन टाका.