शुगर अचानक वर-खाली होतेय? औषधांच्या बाबतीत या चुका टाळा

शुगर एकदम २६० आली की घरात चौकशी सुरू होते ती ताटाची. आंबा खाल्ला का, भात जास्त झाला का, कुणाकडे जेवायला गेला होतात का? गेल्या आठवड्यात कुठली नवी गोळी सुरू झाली किंवा कुठलं इंजेक्शन घेतलं, हे सहसा कुणी विचारत नाही. मग डायबेटिसची गोळी आपल्याच मनाने वाढवली जाते किंवा, त्याहून वाईट, दुसऱ्या आजाराची चालू गोळी बंद होते. त्याआधी त्या औषधाने शुगर चढते की उतरते, दिवसाच्या कुठल्या वेळी आणि किती दिवस, हे बघायला हवं.

स्टेरॉइड चालू आणि तपासणी फक्त फास्टिंगची (सकाळी उपाशीपोटीची)

दमा, संधिवात, अंगावर उठणारं पित्त, त्वचेचे आजार अशा कितीतरी कारणांसाठी प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकॉर्ट हे स्टेरॉइड दिलं जातं, बहुधा सकाळी नाश्त्यानंतर. या गोळ्यांमुळे यकृत जास्त ग्लुकोज रक्तात सोडतं आणि स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात, म्हणजे गोडाला हात न लावताही शुगर चढते. पण ती चढते दुपारच्या जेवणानंतर. संध्याकाळी सगळ्यात वर असते आणि रात्रीतून उतरते. सकाळी फास्टिंग ११५ बघून माणूस निर्धास्त होतो आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता ती ३०० असू शकते. म्हणून हा कोर्स चालू असेल तर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी तपासा. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा अंमल जास्त वेळ टिकतो, त्यात फास्टिंगही वाढते.

गुडघ्यात किंवा खांद्यात घेतलेलं इंजेक्शन बहुतेकदा स्टेरॉइडचंच असतं आणि त्यामुळे काही दिवस, कधी आठवडाभर, शुगर वर राहते. हाडांच्या डॉक्टरांना तुमचा डायबेटिस माहीत असेलच असं धरून चालू नका, इंजेक्शनच्या आधी सांगा. दम्याच्या नेहमीच्या पंपाचं मात्र एवढं भय नको. त्यातून रक्तात उतरणारं औषध अगदी थोडं असतं, आणि पंप बंद केल्यावर उसळणारा दमा जास्त धोक्याचा.

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) हाल पाहिले. त्यातल्या अनेकांच्या बाबतीत हाताबाहेर गेलेली शुगर आणि स्टेरॉइड एकत्र आले होते. तरीही घाबरून स्टेरॉइड एकदम सोडायचं नाही. जास्त दिवस घेतलं असेल तर शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं, अचानक थांबवलं तर माणूस गळून पडू शकतो. डोस उतरवताना आणखी एक गोष्ट राहून जाते. त्या काळापुरतं वाढवलेलं इन्सुलिनही सोबत उतरवावं लागतं, नाहीतर शुगर लो होते.

आणि हो, सांधेदुखीवरची ती बिनलेबलची पुडी, जी दोन दिवसांत गुडघे मोकळे करते! अशा ‘शुद्ध आयुर्वेदिक’ चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलेलं आहे. पुडी सुरू झाली आणि शुगर बिघडली, तर पुडी घेऊन डॉक्टरकडे जा.

पोट बिघडलं की मेडिकलवरून ‘नेहमीची’ स्ट्रिप

जुलाबावर ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल चिठ्ठीशिवाय आणणं आपल्याकडे सर्रास चालतं. ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या गटाची अँटिबायोटिक औषधं स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावू शकतात. काहींमध्ये उलट शुगर वाढतेही. याच गटातल्या गॅटिफ्लॉक्सासिनने शुगर इतकी हेलकावत असे की २०११ मध्ये भारतात त्यावर बंदी आली. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या साऱ्या गटाबद्दलचा इशारा अधिक कडक केला.

आता हे घरातल्या आजोबांना लावून बघा. वय सत्तरच्या पुढे, किडनी थोडी मंद, सकाळी डायबेटिसची ग्लिमेपिराइड, पोट बिघडल्यामुळे दोन दिवस पेजेवर, आणि त्यावर ही स्ट्रिप. शुगर लो होण्याला आणखी काय हवं? क्लॅरिथ्रोमायसिन, कोट्रायमॉक्साझोल आणि बुरशीवरचं फ्लुकोनाझोल हीसुद्धा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या डायबेटिसच्या गोळ्यांचा परिणाम वाढवतात. डायबेटिससाठी एकट्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना हा धोका फार कमी.

शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चहाचे चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. ग्लिमेपिराइडमुळे लो झालेली शुगर सावरल्यासारखी वाटून काही तासांनी पुन्हा घसरते, त्यामुळे ‘आता बरं वाटतंय’ म्हणून झोपून जाऊ नये, डॉक्टरांना त्याच वेळी कळवावं.

उलट्या-जुलाब चालू असताना डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिन ही डायबेटिसची औषधं सहसा थोडे दिवस थांबवायला सांगतात, कधी सुरू करायचं तेही डॉक्टरांनाच विचारा. पहिल्या दोन औषधांत शुगर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं. टाइप १ डायबेटिस (ज्यात शरीर इन्सुलिन जवळपास बनवतच नाही) असेल तर जेवण होत नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करणं मात्र जिवावर बेतू शकतं.

‘धडधड नाही, म्हणजे लो नाही’

बीपी, अर्धशिशी किंवा हात थरथरण्यावर प्रोप्रॅनोलॉल, अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल चालू असेल तर शुगर लो झाल्याची धडधड आणि थरथर दबून जाते. घाम मात्र सुटतोच. गार घाम, विनाकारण चिडचिड, बोलण्यात गोंधळ यांपैकी काही दिसलं की आधी बोट टोचून बघा.

टीबीची औषधं सुरू झाल्याचं डायबेटिसच्या डॉक्टरांना न सांगणं

रिफाम्पिसिनमुळे यकृत ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या झपाट्याने मोडून टाकतं. तोच डोस, तेच जेवण, तरी शुगर वर. सहा महिन्यांचा कोर्स संपला की दोनेक आठवड्यांत हा परिणाम ओसरतो आणि मधल्या काळात वाढवलेला डोस अंगावर येतो, म्हणजे शुगर लो होते. कोर्स संपतानाची ही भेट बहुतेक लोक चुकवतात. टीबी बरा झाल्याच्या आनंदात ते साहजिकही आहे, पण चुकवू नका.

किरकोळ वाढीसाठी मोठं औषध सोडणं

कोलेस्टेरॉलच्या अॅटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिनने शुगर किंचित वाढू शकते, हे खरं आहे. मोबाइलवर तेवढंच वाचून गोळी सोडणारे मला अजिबात पटत नाहीत. डायबेटिस असलेल्याला हृदयविकारापासून मिळणारं संरक्षण त्या वाढीपेक्षा कितीतरी मोलाचं आहे. बीपीच्या गोळीतलं हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोनही शुगर थोडी चढवतं, विशेषतः पोटॅशियम कमी झालं तर. पोटॅशियम तपासून घ्या, गोळी चालू ठेवा. खोकल्याच्या गोड सिरपची धास्ती तर उगाचच. दोन-चार दिवस दोन-तीन चमचे सिरप घेतल्याने ३०० होत नाही. खोकल्यासोबत ताप असेल तर शुगर त्या आजारपणानेच चढलेली असते.

आकडाच चुकीचा असणं

दंडाला शुगर मोजणारा सेन्सर लावणाऱ्यांनी व्हिटॅमिन सी जपून घ्यावं. काही सेन्सर रोज ५०० मिलिग्रॅमच्या वर गेलं की शुगर खरीपेक्षा जास्त दाखवतात. सर्दीत चघळायच्या गोळ्या दिवसातून दोन-तीन झाल्या तरी ही मर्यादा ओलांडते. पॅरासिटामॉलमुळे असं होणारे सेन्सरही आहेत, तुमच्या सेन्सरची माहितीपत्रिका वाचून ठेवा. बोटाच्या तपासणीतही आंबा चिरलेल्या हाताने पट्टी लावली तर आकडा फसवतो. सॅनिटायझर पुसून भागत नाही, साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा टोचा, आणि इन्सुलिनचा जादा डोस त्या दुसऱ्या आकड्यावर ठरवा.