अस्वलाची फाईल आणि 'सगळ्यांना पाठवा' वाले मेल: फसवे मेल ओळखायचे कसे

२००२ ची गोष्ट, मी तेव्हा फोर्टमधल्या एका ऑफिसात होतो. एका दुपारी मेल आला की कॉम्प्युटरमध्ये जेडीबीजीएमजीआर नावाची फाईल शोधा, तिच्यावर छोट्या अस्वलाचं चित्र असेल, तो व्हायरस आहे, नॉर्टन-मॅकॅफी या अँटिव्हायरसना सापडत नाही, १४ दिवस गप्प बसतो आणि मग सगळं खलास. शोधली, तर खरंच होती! राखाडी अस्वल, माझ्याकडे बघत बसलेलं. घाबरून डिलीट केली, रिसायकल बिन पण रिकामी केली आणि मेल चाळीसेक जणांना पाठवून दिला, वर 'अर्जंट' लिहून.

ती विंडोजचीच फाईल होती हो. जावाच्या प्रोग्रॅमिंगसाठी दिलेली, जवळपास सगळ्यांच्याच मशीनवर असायची, त्यामुळे जो शोधेल त्याला सापडणारच आणि सापडली की मेल खरा वाटणारच. म्हणजे मिसळणाच्या डब्यात मोहरी सापडली तर घरात चोर शिरलाय असं समजा, असं सांगण्यासारखं. आदल्याच वर्षी, २००१ मध्ये, एसयूएलएफएनबीके नावाच्या फाईलचा असाच मेल फिरला होता, ती पण विंडोजचीच. व्हायरस कुठेच नाही, नासधूस करणारे आपणच. म्हणून पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा, मेलमध्ये कोणी अमुक फाईल हाताने उडवा म्हणालं तर उडवायची नाही, आधी फाईलचं नाव गूगलवर टाकायचं.

दुसरी खूण म्हणजे शेवटची ओळ. मी आता असले मेल खालूनच वाचायला घेतो. 'तुमच्या सगळ्या मित्रांना पाठवा' असं दिसलं की नव्वद टक्के काम झालं, कारण खरी सिक्युरिटीवाली माणसं तुम्हाला मेल वाटत फिरायला सांगत नाहीत, ती अपडेट टाका म्हणतात आणि तारीख, व्हर्जन देतात. फसव्या मेलमध्ये तारीख बहुधा नसतेच, 'काल जाहीर केलं' किंवा 'उद्यापासून' असतं, म्हणून तो वर्षानुवर्षं ताजा राहतो. २००६ मधला ऑलिम्पिक टॉर्चवाला आठवतोय का? 'इन्व्हिटेशन' नावाचा मेल उघडला की ऑलिम्पिकची मशाल उघडते आणि सगळी हार्ड डिस्क जळते म्हणे, आणि पुरावा काय तर सीएनएनने सांगितलंय, मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. लिंक मात्र एकाचीही नाही. मोठी नावं आणि लिंक गायब, ही तिसरी खूण समजा.

आणि भाषा बघा हो. १९९४ च्या 'गुड टाइम्स' नावाच्या खोट्या व्हायरसच्या मेलमध्ये लिहिलं होतं की प्रोसेसर 'एन्थ कॉम्प्लेक्सिटी इन्फिनिट बायनरी लूप'मध्ये अडकून खराब होतो. वाचून धडकी भरते पण अर्थ शून्य.

आता एक गडबड होते, ती म्हणजे हे सगळं कळल्यावर लोक म्हणतात की व्हायरसच्या सगळ्या वॉर्निंगा खोट्या. तसं नाही. मे २००० मधला आयलव्हयू व्हायरस खराच होता, त्याची अटॅचमेंट डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस अशी होती आणि विंडोज शेवटचा तुकडा, म्हणजे हा प्रोग्रॅम आहे हे सांगणारं व्हीबीएस, लपवायचं, त्यामुळे साधी टेक्स्ट फाईल वाटायची. तेव्हा अनोळखी अटॅचमेंट उघडायची नाही, ओळखीच्याकडून अचानक आली तर आधी फोन करून विचारायचं.

ब्राउझरमध्ये भोंगा वाजायला लागला, लाल स्क्रीन आली आणि 'या नंबरवर फोन करा' दिसलं तर फोन करू नका. वेबपेजला तुमच्या मशीनच्या आतलं काही दिसत नसतं आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एररमध्ये फोन नंबर नसतो. एस्केप दाबून धरा, नाही बंद झालं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करा, आणि परत उघडल्यावर जुनी पानं रिस्टोअर करू का विचारलं तर नाही म्हणा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन.

चेन लेटरचं तर आपल्याला नवल नाही, संतोषी मातेची पोस्टकार्डं आठवत असतील. इतकी पत्रं लिहा, लिहिणाऱ्याला लॉटरी लागली, फाडणाऱ्याचं वाटोळं झालं. मेलमध्ये देवी जाऊन बिल गेट्स आले, ते प्रत्येक फॉरवर्डमागे पैसे देणार होते! हिशोब करून बघा ना, प्रत्येकाने दहा जणांना पाठवलं तर सातव्या फेरीलाच एक कोटी मेल होतात, आणि २०११ च्या जनगणनेत अख्खी मुंबई सव्वा कोटीच्या आसपास होती. गेट्ससाहेब कुठून देणार सगळ्यांना?

मुंबईत हे फक्त गमतीचं नाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर दोनच दिवसांनी धरण फुटलं, त्सुनामी येतेय अशा अफवा उठल्या आणि जुहूच्या नेहरूनगरात पळापळीत चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली. मग पावसाळ्यात सोसायटीच्या ग्रुपवर 'आत्ताच कळलं' आलं की मी आधी हवामान खात्याचं आणि महापालिकेचं अधिकृत पान बघतो. केंद्र सरकारच्या योजनेचं काही असेल तर पीआयबी फॅक्ट चेक, म्हणजे सरकारचीच खरं-खोटं तपासणारी शाखा. बाकीच्यांसाठी मेलमधली एक विचित्र ओळ उचलायची, अवतरणचिन्हांत टाकून शोधायची, जुना असेल तर दोन मिनिटांत सापडतो.

आत्याने पाठवला असेल तर सगळ्यांसमोर उत्तर देऊ नका, तिची शोभा होते. तिला एकटीला लिहा, 'आत्या, हा जुना आहे गं'.

आणि स्वतः पाठवून बसला असाल तर त्याच सगळ्यांना तो खोटा होता असा परत मेल करा, पत्ते बीसीसीत (जिथले पत्ते इतरांना दिसत नाहीत) टाकून म्हणजे कोणाचा आयडी उगाच फिरत नाही. मी केला होता त्या चाळीस जणांना. दोघांचं उत्तर आलं, एकाने थँक्स म्हटलं आणि दुसऱ्याने विचारलं, ते अस्वल परत कसं आणायचं?